राज्यशास्त्रातले अवघड ग्रंथ वाचतो, पण दोन दिवसांत सगळं विसरतो. लक्षात कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज याचं 'लेव्हायथन' दोनदा वाचलं, हायलायटरने पानं पिवळी केली, तरी कुणी विचारलं तर 'माणूस स्वार्थी असतो' याच्यापुढे काही सांगता येत नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षी माझंही अगदी हेच होत होतं.

मला वाट सापडली ती हॉब्जच्याच पुस्तकात. १६५१च्या मूळ आवृत्तीत परिच्छेदांशेजारी समासात छोटे मथळे आहेत. तसे मथळे मी स्वतः लिहायला लागले. तेरावं प्रकरण घ्या, वर कुठलीच सत्ता नसेल तर माणसं कशी वागतील यावरचं; चारपाच पानांचंच आहे. एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा आणि एका ओळीचा मथळा लिहा. तोही मराठीत, कारण त्याचेच शब्द उतरवले की समजल्याचा नुसता भास होतो.

भांडणाची तीन कारणं येतात तिथे मी अडले: स्पर्धा, 'डिफिडन्स' आणि कीर्ती. डिफिडन्स म्हणजे बुजरेपणा, असं मी धरून चालले होते. पण बुजरा माणूस भांडेल कशाला? मथळा काही जमेना. शब्दकोश उघडला तेव्हा कळलं, त्या काळी त्याचा अर्थ अविश्वास असा होता. मग गाठ सुटली. बळात माणसं जवळपास सारखीच, कारण दुबळासुद्धा कट करून बलवानाला मारू शकतो. म्हणून आशाही सारखीच. एकच वस्तू दोघांना हवी, म्हणून वैर, म्हणून अविश्वास, म्हणून दुसऱ्याने वार करायच्या आत आपण करणं शहाणपणाचं. यात स्वार्थ हा शब्द कुठे लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या कागदावर ही 'म्हणून'ची साखळी आठवून लिहा. जिथे तुटेल तेवढाच परिच्छेद पुन्हा उघडा, अख्खं प्रकरण नको.

दाखले मात्र गाळू नका, मला तेच सगळ्यात पक्के आठवतात. युद्ध म्हणजे नुसती लढाई नव्हे, हे सांगताना तो पावसाळी हवेचा दाखला देतो: एकदोन सरींनी ती ठरत नाही, कित्येक दिवस आभाळ भरून राहिलं की ठरते. १६४९ साली इंग्लंडमध्ये राजाचा शिरच्छेद झाला तेव्हा हॉब्ज पॅरिसमध्ये होता. तसलं आभाळ त्याने पाहिलेलं होतं.

नंतर जॉन लॉक घ्या, हॉब्जनंतरचा इंग्रज विचारवंत. सरकारविषयीच्या दुसऱ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तो नैसर्गिक अवस्था (म्हणजे सरकार नसतानाची माणसांची स्थिती) आणि युद्धाची अवस्था वेगळ्या करतो. तुमची साखळी शेजारी ठेवा आणि त्याने नेमकी कोणती कडी तोडली ते शोधा.