वाचक विचारतात : गेमपॅड ठेवावा की स्टिअरिंग व्हील घ्यावे?

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातील (जि. यवतमाळ) एका गावात राहतो आणि शेतीची कामे आटोपल्यावर रात्री संगणकावर गेमपॅडने (दोन्ही हातांत धरायचा, बटणे व अंगठ्याने हलवायच्या छोट्या काड्या असलेला नियंत्रक) ‘असेटो कोर्सा’ व ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हे गाडी चालवण्याचे गेम खेळतो. नुकतेच नागपूरला मित्राकडे लॉजिटेक जी २९ हे स्टिअरिंग व्हील वापरून पाहिले, तर जे वळण गेमपॅडवर डोळे झाकून घेतो तेथेच गाडी दरवेळी गरकन फिरली. रोज ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे जमू नये, याचे नवल वाटते. तेच व्हील जुने मिळत आहे. कापसाचे पैसे हाती आल्यावर घ्यावे का?

उत्तर : घ्यावे, मात्र वेग वाढेल या आशेने घेऊ नये, कारण सुरुवातीला तो हमखास कमी होतो. गेमपॅडची काडी अंगठ्याखाली जेमतेम सरकते, त्यामुळे गेम तुमच्या नकळत बरीच मदत करत असतो. काडी झटक्याने ढकलली तरी पडद्यावरची चाके हळूहळू वळवली जातात, आणि गाडी भरधाव असेल तर ती पूर्ण वळूच दिली जात नाहीत. व्हील जोडले की ही मदत संपते. हात जेवढा फिरेल तेवढीच चाके फिरतात. मित्राकडे गाडी फिरली ती यामुळे, आणि त्यात तुमच्या ट्रॅक्टरच्या सवयीचाही वाटा असावा. शेतात धुऱ्याशी ट्रॅक्टर वळवताना आपण एका हाताने स्टिअरिंग भरभर फिरवतो. ताशी दीडशेच्या वेगात तीच सवय घात करते. दोन्ही हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी ठेवा व वळणात शक्यतो तेथून हलवू नका.

या बदल्यात जे मिळते ते गेमपॅड देऊ शकत नाही. गेमपॅड फक्त थरथरतो. व्हीलमधील मोटरी मात्र पुढच्या टायरवर येणारा जोर तुमच्या मनगटापर्यंत पोहोचवतात. वळणात जड झालेले स्टिअरिंग अचानक हलके लागले, की पुढच्या टायरची पकड सुटत आहे असे समजावे आणि आणखी न वळवता वेग कमी करावा. गाडीचा मागचा भाग घसरू लागला, तर व्हील स्वतःच उलट दिशेला फिरू पाहते. नवखा माणूस घाबरून ते घट्ट धरतो आणि गाडी फिरते. अशा वेळी मूठ थोडी सैल सोडून व्हीलला फिरू द्यावे आणि गाडी सरळ होऊ लागताच ते पुन्हा पकडावे. एवढे एक हातात बसले की निम्मे काम झाले.

सरावासाठी ‘असेटो कोर्सा’मधील आबार्थ ५०० सारखी साधी गाडी आणि मजिओनेसारखा सुमारे अडीच किलोमीटरचा आटोपशीर ट्रॅक घ्या, आणि काही दिवस गाडीही बदलू नका, ट्रॅकही बदलू नका. जी २९ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरते. व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि गेममध्ये हाच आकडा भरा, म्हणजे हातातले व पडद्यावरचे स्टिअरिंग सारखेच फिरेल. मोटरींचा जोर पूर्ण चढवण्याचा मोह टाळा. तो कमाल मर्यादेला टेकला की लहान-मोठे सगळे धक्के एकसारखे लागतात आणि ज्यासाठी पैसे मोजले ती जाणीवच नाहीशी होते. ‘युरो ट्रक’मध्ये तुम्हाला फार कष्ट पडणार नाहीत. ट्रॉली रिव्हर्स घेण्याचा तुमचा हात तेथे थेट उपयोगी पडेल.

माझ्या मते व्हीलच्या मॉडेलपेक्षा त्याच्या बैठकीकडे अधिक लक्ष द्यावे. जी २९ चे ब्रेक पेडल आतील रबरामुळे बरेच कडक आहे, आणि पेडलच्या पाटीखालची पकड गालिच्यासाठी केलेली असल्याने आपल्या फरशीवर ती काही कामाची नाही. जोरात ब्रेक दाबला की पाटी पुढे आणि प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते. पाटी व भिंत यांमध्ये जाड फळी टाका आणि चार पायांची लाकडी खुर्ची वापरा. गावातील सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली तर उत्तमच.

जुने व्हील घेताना ते वीज व संगणक जोडून समोर सुरू करून पाहा. चालू होताच ते आपोआप दोन्ही टोकांपर्यंत फिरून मध्यावर थांबले पाहिजे. त्यानंतर प्रत्येक पेडल सावकाश दाबून पडद्यावरचा आकडा पाहा. तो मध्येच उड्या मारत असेल तर आतील पोटेन्शिओमीटरमध्ये (पेडल किती दाबले ते मोजणाऱ्या भागात) धूळ गेली आहे. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आपल्याकडे हे ठरलेलेच, म्हणून वापर नसताना पेडलवर कापड टाकावे. मोटरींना लागणारी वीज वेगळ्या अडॅप्टरमधून येते, त्यामुळे भारनियमनात लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला तरी व्हील निर्जीव होते. इन्व्हर्टर असेल तर त्यावर जोडा. वीज परतल्यावर व्हील पुन्हा फिरू शकते, तेव्हा लहान मुलांचे हात दूर ठेवा.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो की असे व्हील घेऊन दिले तर तो घरीच कार शिकेल. हे खरे आहे का? – एक शिक्षक, देवरी (जि. गोंदिया)

उत्तर : थोडेफार. क्लचसह तीन पेडल आणि वेगळा जोडायचा गिअर शिफ्टर घेतला, तर कोणता पाय कोठे व गिअर कधी बदलायचा याचा क्रम अंगवळणी पडतो. शिफ्टर मात्र टेबलाच्या डाव्या बाजूला बसवा, कारण आपल्या गाड्यांत गिअर डाव्या हाताला असतो. ‘युरो ट्रक’मध्ये ब्रिटनचे रस्ते निवडले तर डाव्या बाजूने चालवण्याचीही सवय होते. परंतु क्लच सोडताना गाडीला बसणारा हिसका, ब्रेक दाबल्यावर शरीर पुढे जाणे आणि रस्त्यात अचानक आडवी येणारी बैलबंडी यांचा अनुभव खोलीत बसून येत नाही. कारच्या शिकाऊ परवान्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोपर्यंत चिरंजीवांना खऱ्या गाडीची किल्ली देऊ नये.