नळी बदला म्हटलं तर डॉक्टर रागावतील का?

प्रश्न : आमच्या भागात, अशोक चौकाजवळ, मागच्या महिन्यात कानांचं मोफत तपासणी शिबिर झालं. सासूबाईंचा डावा कान पावसाळ्यापासून फुटलाय, उजवा बरा आहे. रांगेत आमच्या पुढे एक शाळकरी मुलगा होता, त्याचाही कान वाहत होता. डॉक्टरांनी त्याला तपासलं, बॅटरीच्या टोकाची काळी नळी कापसानं पुसली आणि तीच सासूबाईंच्या कानात घातली. आधी डाव्या, मग उजव्या. मला बोलायचं होतं, पण फुकट बघतायत, त्यांना काय सांगणार, म्हणून गप्प बसले. आता सासूबाईंचा उजवा कानही खाजतोय. माझं चुकलं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं नाही. नळी बदलायला हवी होती आणि ते बघणं तपासणाऱ्यांचं काम होतं. मी सोलापुरातच ३१ वर्षं कान-नाक-घशाच्या ओपीडीत सिस्टर होते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाची जीभ अशा वेळी उचलत नाही, हे मी रोज बघितलंय.

तुम्ही जिला बॅटरी म्हणता तो ऑटोस्कोप. त्याच्या टोकाला जी नरसाळ्यासारखी नळी बसते ती स्पेक्युलम, आम्ही बोलताना नुसतं टिप म्हणतो. कानात जाते ती एवढीच. एकदा वापरून टाकायच्या टिपा प्लॅस्टिकच्या असतात, एकात एक बसवलेल्या येतात. मुलांसाठी साधारण अडीच मिलिमीटर तोंडाची, मोठ्यांसाठी चार मिलिमीटरच्या आसपास. एक टिप कटिंग चहाच्या पैशांत येते. शिबिरात पैसे कमी पडतात, मान्य आहे, पण वाचवायची ती जागा ही नव्हे.

कापसानं पुसून का भागत नाही, ते सांगते. नळीच्या कडेला मळ चिकटतो, आणि मळ म्हणजे मेणच की. कोरड्या कापसानं ते निघत नाही, पसरतं. वाहत्या कानातला पू त्यात मिसळला की तो थर पुढच्या कानापर्यंत जातो. कानाची वाट मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिच्या आतल्या भागातली कातडी हाडावर पातळ कागदासारखी ताणलेली असते, जरा घासली तरी सोलते. धड कातडीवर जंतू सहसा काही करू शकत नाहीत, सोललेल्या कातडीवर आणि फाटलेल्या पडद्याच्या कानात करतात. म्हणून एकाच माणसाचा एक कान वाहत असेल तर चांगला कान आधी बघायचा, वाहणारा नंतर, आणि मधे टिप बदलायची. सासूबाईंच्या बाबतीत क्रम उलटा झाला, टिपही तीच राहिली.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका खासगी दवाखान्यात होते. आमच्याकडे स्टीलच्या चारच नळ्या होत्या. किडनी ट्रेमध्ये जंतुनाशकाचं पाणी घालायचं, वापरलेली नळी त्यात बुडवायची, चिमट्यानं काढून पुसायची, पुढचा पेशंट. सोमवारच्या गर्दीत एक आठेक वर्षांची पोर आली, लाल रिबिनींच्या दोन वेण्या, कानात नुसता मळ. आठव्या दिवशी तिची आई तिला परत घेऊन आली तेव्हा पोरीची उशी पिवळी झाली होती. तिला ते आमच्याच नळीनं लागलं, असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण त्या संध्याकाळी मी ट्रे उजेडात धरला. पाणी गढूळ, तळाला तपकिरी कण, आणि एका नळीच्या आत कडेला मोहरीएवढा मळ तसाच. ती नळी दिवसभर कानांत जात होती आणि ती हातात देणारी मी होते. दुसऱ्या दिवसापासून मी नळ्या साबणानं आणि बारीक ब्रशनं घासल्याशिवाय पाण्यात टाकल्या नाहीत.

मी लहान असताना गड्ड्याच्या यात्रेत कानातला मळ काढून देणारे बसायचे. एकच कानकोरणं, धोतराला पुसून सगळ्यांच्या कानात. आजी आम्हाला हाताला धरून तिथून पुढे न्यायची. पांढऱ्या कोटातल्या माणसाकडे मात्र आपण तेच चालवून घेतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता उजव्या कानाबद्दल. खाज नळीमुळेच आली असेल असं नाही. दमट हवेत कानात बुरशी धरते, त्यातही खाज हेच पहिलं लक्षण. कानात ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा मळकट थर, वर काळे ठिपके. ते बघूनच कळतं, म्हणून दोन-चार दिवसांत कानाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर लसणाचं तेल, काडी, पिन काही नको. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा आणि नंतर काढून टाका. सासूबाईंना शुगर असेल आणि रात्री झोप येऊ नये इतका कान ठणकत असेल, तर चार दिवसही थांबू नका. शुगरच्या माणसात हा संसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो.

आणि विचारायचं कसं? हात जोडायची गरज नाही, भांडायचीही नाही. "डॉक्टर, आधीच्या मुलाचा कान वाहत होता, नवी टिप लावता का?" एवढंच. कान बघायच्या आधी म्हणा, नंतर नाही. माझ्या ३१ वर्षांत या वाक्यावर रागावलेले डॉक्टर मला दोनच आठवतात, आणि टिप त्यांनीही बदलली.

प्रश्न : मी एका दवाखान्यात मदतनीस आहे. वापरून टाकायच्या टिपा मॅडम उकळून परत वापरायला सांगतात. चालतं का?
— अक्कलकोट रोड

उत्तर : नाही चालत. पाकिटावर बघा, गोलात २ चा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ असेल. त्याचा अर्थ दुसऱ्यांदा वापरू नये. उकळत्या पाण्यात हे प्लॅस्टिक वितळत नाही, म्हणून टिप जशीच्या तशी दिसते आणि आपण फसतो. घासून-उकळून झालेल्या टिपेच्या कडेवरून नख फिरवा. कुठे ना कुठे खरखर लागली, तर तीच खरखर त्या पातळ कातडीवर फिरणार आहे.

पुन्हा वापरायच्या टिपा वेगळ्या मिळतात, जाड प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या. त्या घ्या, पण क्रम पाळा. आधी साबण आणि ब्रश, मळ पूर्ण निघाला का ते उजेडात बघायचं, मगच जंतुनाशक. स्टीलच्या असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत जंतू मारायचं यंत्र. मळावर ओतलेलं स्पिरिट मळाखाली पोहोचत नाही. टाकायच्या टिपा लाल पिशवीत, पू पुसलेला कापूस पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत तसंच आहे. मॅडमना हे तुम्ही सांगणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. पाकिटावरचं चिन्ह त्यांच्या समोर धरा, म्हणजे बोलावं लागणार नाही.

प्रश्न : घरी कानात घालून ताप बघायचं थर्मामीटर आणलंय. तीन नातवंडं आहेत. वरची प्लॅस्टिकची टोपी दर वेळी बदलायची का?
— सात रस्ता

उत्तर : टोपी लागणारं मॉडेल असेल तर होय, दर मुलाला नवी. ती नीट ताणून बसवा. सुरकुतली किंवा फाटली तर ताप चुकीचा दिसतो, बहुतेक वेळा कमी. काही थर्मामीटरना टोपी लागतच नाही, त्यांचं टोक प्रत्येक वापरानंतर पुसायचं असतं, ते कसं ते सोबतच्या कागदावर असतं. ज्या मुलाचा कान वाहतोय त्याचा ताप त्या कानात बघू नका, काखेत बघा.