धुरा, वहिवाट आणि नकाशातली रेघ

प्रश्न : आमच्या हिंगणघाटात एका इंग्रजाची जुनी कबर आहे. तो मोजणीवाला होता म्हणतात. खरं का? (एक शिक्षक)

खरं आहे, गुरुजी. विल्यम लॅम्बटन. १७९९मध्ये टिपू पडला त्या लढाईत हा होता. १८०२मध्ये त्याने मद्रासजवळ मोजणीची साखळी धरली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी उत्तरेकडे सरकवली. नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी तो तुमच्या गावात वारला. तेव्हा नागपूरची गादी भोसल्यांचीच होती, पण सीताबर्डीच्या लढाईनंतर चालायचं दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटाचं. १८५४मध्ये राज्यच खालसा झालं. मोजणीनेच राज्य गेलं असं मी म्हणणार नाही. पण नकाशा एकालाच वाचता येतो तेव्हा काय होतं, हे पटवाऱ्याच्या दारात उभं राहिलेल्याला विचारा.

प्रश्न : मॅकमहोन रेषा १९१४पासून नकाशावर स्पष्ट आहे, मग चीनशी वाद कसला? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, आर्वी)

स्पष्ट कुठे, बेटा? सीमेच्या पूर्वेकडची ही रेषा ब्रिटिश हिंदुस्थान आणि तिबेट यांच्यात ठरली, चीनने मानलीच नाही. त्यात नकाशा एका इंचाला आठ मैल या मापाचा. त्यावर एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर सुमारे ५०० मीटर! आपल्याकडे नांगराच्या एका तासाएवढ्या धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, भाऊ भावाचं तोंड पाहत नाही.

याच रेषेवरच्या थागला कड्यापाशी तर नकाशातली रेघ कड्याच्या दक्षिणेला पडली. आपलं म्हणणं असं की सीमा पाणलोटावरून, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाटलं जातं त्या उंच रेषेवरून ठरली, म्हणून ती कड्यावरूनच जाते. सप्टेंबर १९६२मध्ये ठिणगी तिथेच पडली. पश्चिमेला लडाखकडच्या अक्साई चीनमध्ये चीनने १९५७पर्यंत रस्ताच बांधून टाकला होता. नकाशात जमीन आपली, वहिवाट त्याची. असल्या केसेस मी नोकरीत ढीगभर पाहिल्या; फक्त तिथे फौजा नव्हत्या, कुऱ्हाडी होत्या.

प्रश्न : मोबाइलवरच्या नकाशात माझा धुरा शेजाऱ्याच्या वावरात दिसतो. तक्रार करू का? (शेतकरी, समुद्रपूर)

त्या भरवशावर नको, भाऊ. गूगलचा नकाशा भारतात काश्मीरची सीमा सलग दाखवतो आणि बाहेरच्या देशांत तुटक. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. शेजाऱ्याला नोटीस जाईल. मोजणीच्या दिवशी दोघंही वावरात हजर राहा, आणि खुणा पडेपर्यंत धुऱ्याला वखर लावू नका.