एमपीथ्री प्लेअर डेस्कटॉपला लावला की नुसता चार्ज होतो, आणि फाइली भरल्या तर उलटसुलट वाजतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आईंसाठी घेतलेला प्लेअर घरच्या विंडोज डेस्कटॉपला लावला की बॅटरीचं चिन्ह हलतं, पण ‘धिस पीसी’मध्ये काहीच दिसत नाही. शेवटी भावाच्या लॅपटॉपवरून ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय भरलेत, तर पहिल्यानंतर थेट दहावा लागतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि दोन्हींत प्लेअर खराब असण्याची शक्यता कमी. दुकानदार ‘फॉरमॅट मारा’ म्हणाला ना? ते आत्ता नको.

आमच्याकडे ठाण्यात तलावपाळीला सकाळी फिरायला येणाऱ्या बऱ्याच ज्येष्ठांकडे असेच प्लेअर असतात आणि भरून द्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. त्यामुळे मी आधी वायर बघतो. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त वायरींत डेटाच्या तारा बऱ्याचदा नसतातच. मग चार्जिंग झकास होतं आणि कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. तीच वायर लावून फोन जोडून बघा. फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय आला नाही, तर दोष वायरीचा. प्लेअरचं तोंड वेगळं असेल तर भावाने वापरलेलीच वायर मागवा, ती चालते हे तुम्हाला माहीतच आहे.

दुसरं, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पुढचे आतून एका वायरीने जोडलेले असतात आणि असेंबल केलेल्या पीसीत ती वायर कधीकधी नीट बसवलेलीच नसते. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) असेल तर तोही काढा.

प्लेअर लावल्यावर ‘टिंग’ असा आवाज येतो पण ड्राइव्ह दिसत नाही, असं असेल तर वायर ठीक आहे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. प्लेअरच्या आकाराची डिस्क तिथे दिसत असेल आणि तिला D:, E: असं अक्षर नसेल, तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून एक द्या. काही प्लेअरांच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी मोड’ असतो: एमटीपी किंवा एमएससी. एमएससी ठेवा, म्हणजे तो पेनड्राइव्हसारखा दिसेल. मात्र एका मोडमध्ये भरलेल्या फाइली दुसऱ्या मोडमध्ये कॉम्प्युटरवर दिसत नाहीत असंही होतं. गेल्या कुठे म्हणून घाबरू नका, मोड परत फिरवून बघा. (आयपॉड असेल तर हे सगळं सोडा. त्यात नुसत्या फाइली टाकून गाणी वाजत नाहीत, आयट्यून्ससारखं सॉफ्टवेअर लागतं.)

आता अध्यायांचा घोळ. कॉम्प्युटरच्या पडद्यावर १, २, ३ असं नीट दिसतं, कारण विंडोज आकडा आकडा म्हणून वाचतं. तुमचा प्लेअर नाव एकेक अक्षर करून वाचतो. त्याच्या लेखी १ नंतर १०, ११ असं करत १८ पर्यंत, आणि मग २. उपाय सोपा आहे: नावांच्या सुरुवातीला ०१, ०२ असे दोन अंकी आकडे घाला. मात्र ते इंग्रजी आकड्यांत टाइप करा आणि पुढचं नावही रोमन लिपीत ठेवा. स्वस्त प्लेअरांना देवनागरी येत नाही, पडद्यावर नुसते चौकोन दिसतात आणि आईंना कळणार नाही कुठला अध्याय लावलाय.

एवढ्याने भागलं नाही, तर तुमचा प्लेअर दुसऱ्या जातीचा. हे प्लेअर फॅट३२ पद्धतीने फाइली ठेवतात आणि त्यातली यादी दवाखान्यातल्या नंबराच्या वहीसारखी असते: जो आधी आला त्याचं नाव वर. काही प्लेअर तीच यादी जशीच्या तशी वाजवतात. त्यात आणखी गंमत म्हणजे एखादी फाइल खोडली की तिची जागा रिकामी होते आणि नंतर टाकलेली फाइल तिथे जाऊन बसू शकते. म्हणून मधला एकच अध्याय बदलायला गेलात की सगळा क्रम विस्कटतो. जुना फोल्डर राहू द्या, नवा फोल्डर करा, त्यात सगळे अध्याय एकदम टाका आणि मग जुना उडवा. टाकताना सगळे सिलेक्ट करून माउसने *पहिल्या* फाइलला धरून ओढा. विंडोज ज्या फाइलला धरलंय तिच्यापासून कॉपी सुरू करतं. नवव्याला धरून ओढलंत तर नववा आधी जातो.

तरीही क्रम चुकला, तर प्लेअर बहुधा फाइलीच्या आतले टॅग (आत लिहिलेलं नाव, ट्रॅक नंबर वगैरे) वाचतोय. एमपीथ्रीटॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ट्रॅक नंबर भरा.

भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची रेकॉर्डिंग टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा: व्हॉइस मेसेज ओपस प्रकारचे असतात आणि साधे प्लेअर ते वाजवत नाहीत. फाइलीचं नाव बदलून शेवटी एमपीथ्री लिहिल्याने काही होत नाही. व्हीएलसीच्या ‘कन्व्हर्ट/सेव्ह’मधून खरोखर एमपीथ्री करून घ्या. निरूपणाला १२८ केबीपीएसचा दर्जा (कन्व्हर्ट करताना निवडायचा बिटरेट) पुष्कळ झाला, त्यात तासाला साधारण ५८ एमबी लागतात. म्हणजे ८ जीबीत शंभर तासांहून जास्त बसतं.

प्लेअरमध्ये मोठं मेमरी कार्ड घालायचा मोह टाळा. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने येतात. जुन्या धाटणीच्या प्लेअरांना ती वाचता येत नाहीत आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत एवढ्या आकाराला फॅट३२चा पर्याय मिळत नाही. चांगल्या कंपनीचं ३२चं कार्ड घ्या आणि विषय संपवा. फूटपाथवरचं २५६ जीबीचं तर नकोच. त्यातल्या बऱ्याच कार्डांत खरी जागा थोडीच असते. कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसते आणि नंतरचे अध्याय वाजतच नाहीत.

कॉपी झाल्यावर ‘इजेक्ट’ करूनच वायर काढा. पट्टी भरली तरी लिहिणं मागे चालू असू शकतं आणि तेव्हा वायर ओढली की यादीच बिघडते. पुढच्या वेळी विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारतं ते बऱ्याचदा यामुळे. तसं विचारलंच तर कॅन्सल करा, आणि दुसरीकडे कॉपी नसलेली रेकॉर्डिंग आत असतील तर आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतात का बघा.

चालणारी वायर, मागचा पोर्ट आणि डिस्क मॅनेजमेंट, तिन्ही करूनही तुमच्या डेस्कटॉपवर काही आलं नाही, तर भावाच्या लॅपटॉपवर पुन्हा लावून बघा. तिथे दिसला तर प्लेअर ठणठणीत आहे, पीसीचे यूएसबी ड्रायव्हर (पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर) बघावे लागतील. तिथेही दिसेनासा झाला तर बहुधा प्लेअरचा सॉकेट गेला. बिल शोधा आणि दुकानदाराकडून बदलून घ्या.