'त्यांची साक्ष चांगली होती' : साक्ष नेमकी कोणाची?

नगरकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या शोकसंदेशात 'मंडळीत आणि कामावर त्यांची साक्ष चांगली होती' असं वाक्य (मंडळी म्हणजे इथे चर्च) वाचल्याचं एका वाचकाने कळवलं आहे. साक्ष कोर्टात देतात, मग ती माणसाला 'असते' कशी, हे इंग्रजी वळणाचं मराठी तर नाही, असा त्यांचा प्रश्न.

वाक्य बरोबर आहे. घोटाळा होतो तो 'त्यांची' या षष्ठीमुळे. 'आईची आठवण' म्हणजे आईला आलेली आठवण असू शकते, तशीच आईबद्दल आपल्याला आलेलीही. इथे साक्ष त्यांनी दिलेली नाही, त्यांच्याविषयी लोकांनी दिलेली आहे.

हा अर्थ थेट बायबलच्या नव्या करारातला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (3:7) मंडळीच्या अध्यक्षासाठी अट आहे, की बाहेरच्या लोकांची त्याच्याविषयी साक्ष चांगली हवी. बाहेरच्यांची, हे विशेष. म्हणजे त्याचं प्रवचन ऐकणाऱ्यांना विचारून भागत नाही. शेजारी, किराणावाला, हाताखालचा माणूस यांना विचारायचं. नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात (6:1-6) तर काम अगदी साधं आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांची आबाळ होऊ लागली, म्हणून त्या कामावर सात जण नेमले. कसे हवेत? मूळ ग्रीकचा शब्दशः अर्थ, 'ज्यांच्याविषयी साक्ष दिली जाते असे'. मराठी बायबलात तिथे 'प्रतिष्ठित' आहे. मला तो खटकतो. हल्ली 'प्रतिष्ठित' म्हटलं की सत्काराच्या मंचावरची पहिली रांग डोळ्यांपुढे येते, जेवण वाढणारा माणूस नाही.

साक्षीला तोंड लागतंच असंही मराठीत नाही. पडके बुरूज इतिहासाची साक्ष देतात, आपण मनाची साक्ष काढतो. तुकोबांनी 'सत्य असत्यासी मन केले ग्वाही' म्हटलं, तिथेही ग्वाही म्हणजे साक्षीदारच. (फारसीतून आलेला हा शब्द आता मंत्र्यांच्या आश्वासनांपुरता उरलाय.) शिवाय पाणिनीने 'साक्षी'चा अर्थ प्रत्यक्ष पाहणारा असा दिला आहे, बोलणारा असा नव्हे. तेव्हा वागणूक रोज पाहणारा शेजारी हा व्युत्पत्तीनेही पक्का साक्षी.

इंग्रजीचा हात असलाच तर तो दुसऱ्या वापरात असेल: सभेत उभं राहून प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, म्हणजे 'साक्ष सांगणे'. शोकसंदेशातली साक्ष ती नव्हे. तिच्या जोडीला 'साक्ष जपणे', 'साक्ष बिघडणे' हेही येतात. 'उधारी थकवून साक्ष बिघडवू नकोस' या वाक्यात 'पत' घातली तरी चालेल, पण पत पैशापुरती. हमालाशी अरेरावी करणाऱ्याची पत शाबूत राहते, साक्ष राहत नाही. 'नाव' म्हणावं, तर ते ऐकीव गोष्टींवरही होतं.

मजकूर छापायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. 'चांगली साक्ष दिली' केलंत तर वाचणाऱ्याला खटला आठवेल. आणि 'साक्ष'च्या जागी 'साक्षी' पडू देऊ नका. 'त्यांची साक्षी चांगली होती' वाचून लोक मुलीची चौकशी करतील.