सादियो माने, लेरॉय साने ही फुटबॉलपटूंची आडनावं मराठी कशी?

मराठी नाहीत, पण योगायोग मात्र झकास आहे. 2022-23 च्या हंगामात हे दोघे बायर्न म्युनिक या जर्मन क्लबकडून एकत्र खेळायचे, तेव्हा आपल्याकडे विनोदांचा पाऊसच पडला होता.

दोन्ही आडनावं पश्चिम आफ्रिकेतल्या मांडिंका समाजाची. आजचा सेनेगल, गाम्बिया आणि गिनी-बिसाऊ या भागात काबू नावाचं राज्य होतं, ते 1867 मध्ये कोसळलं. तिथल्या सरदार-राजांची दोन मोठी कुळं कोणती? साने आणि माने! म्हणजे ही जोडी तिथेही जुनीच. लेरॉय जर्मन असला तरी त्याचे वडील सुलेमान साने सेनेगलकडून खेळले.

आपल्याकडचे म्हसवडचे माने आणि साने गुरुजींचे साने यांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. दोन-दोन अक्षरांची सोपी नावं, जुळणारच.

अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर आणि आपले गोरे यांचंही तेच. रोमन लिपीत स्पेलिंग एकच; पण इंग्रजी ‘गोर’ म्हणजे जमिनीचा त्रिकोणी तुकडा, रंगाशी त्याचं काही देणंघेणं नाही. ‘ली’ हे आडनावही तसंच: चिनी ‘ली’चा अर्थ आलुबुखारा, तर इंग्रजी ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा.