पाळी नियमित आहे म्हणजे हाताशी वेळ आहे, असं नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, पाळी महिन्याच्या महिन्याला येते, फक्त पूर्वी २८-२९ दिवसांनी यायची ती आता २४-२५ दिवसांनी येते. आईची पाळी ५२व्या वर्षी गेली. मग मूल होण्यासाठी अजून पाच-सहा वर्षं धरून चालावं का?

नाही, धरून चालू नका. हे वाचायला कठीण जाईल याची मला कल्पना आहे. मीही ३९व्या वर्षी, दुसऱ्या मुलाच्या वेळी, अगदी हाच हिशेब केला होता. पाळी घड्याळासारखी येते, मग घाई कशाला, म्हणून दोन वर्षं थांबले. पुढे दिवस राहिले, पण नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, आणि नंतर राहिलेच नाहीत. तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं की पाळी जाणं आणि मूल होण्याची क्षमता संपणं या दोन वेगवेगळ्या घटना आहेत, आणि दुसरी पहिलीच्या कित्येक वर्षं आधी घडते, बऱ्याच जणींत दहा वर्षांच्या आसपास.

असं का होतं ते नीट सांगते, कारण कारण कळलं की निर्णय घेणं सोपं जातं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, पहिली पाळी येईपर्यंत तीन-चार लाख. त्यातली बाहेर पडतात ती आयुष्यभरात फार तर चार-पाचशे. बाकीची? ती आतल्या आत विरून जातात. दर महिन्याला एक तुकडी वाढू लागते, त्यातलं बहुधा एकच पिकतं आणि उरलेली नष्ट होतात. हे गरोदरपणात चालू असतं आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असतानाही. ‘इतकी वर्षं गोळ्या घेतल्या म्हणजे बीजं शिल्लक राहिली असतील’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. साठा हजाराच्या आसपास आला की पाळी थांबते.

पण खरी अडचण संख्येची कमी आणि बीजाच्या वयाची जास्त आहे. प्रत्येक बीजाने आपलं विभाजन जन्माआधीच सुरू करून मध्येच थांबवलेलं असतं, आणि ते पुढे सरकतं ते बाहेर पडण्याच्या वेळी. म्हणजे तुमचं या महिन्यातलं बीज ४१ वर्षं त्याच अवस्थेत बसून होतं. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं एवढ्या काळात झिजतात, वाटणी चुकते, एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी पडतं. असं बीज बहुतेक वेळा रुजतच नाही, रुजलं तरी गर्भपात होतो. तिशीत एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता शंभरात वीसच्या आसपास असते, चाळिशीत ती पाचच्या आसपास येते. चाळिशीनंतर राहिलेल्या गर्भांपैकी साधारण एक तृतीयांश टिकत नाहीत. माझ्या त्या गर्भपातानंतर मी कितीतरी महिने स्वतःच्या धावपळीला आणि जिने चढण्याला दोष देत बसले होते. हे आधी कळलं असतं तर निदान तेवढं तरी वाचलं असतं.

पाळी मात्र यातलं काहीच सांगत नाही. बीज चांगलं असो वा सदोष, ते बाहेर पडलं आणि गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचं अस्तर ठरल्या वेळी सुटतं.

आता ते २४ दिवस. बीजं कमी झाली की बीजकोशाकडून मेंदूतल्या ग्रंथीला मिळणारा ‘आता पुरे’ हा निरोप क्षीण होतो. ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक वाढवते, पुढचं बीज लवकर वाढायला लागतं आणि पाळीच्या चक्राचा पहिला, बीज बाहेर पडेपर्यंतचा टप्पा आखडतो. याचा अर्थ पाळी जायला आली असा नाही, पण साठा उतरतोय याची ही खूण असू शकते. पुढे केव्हातरी उलट होतं, पाळ्या लांबतात, चुकतात. आईच्या वयावरून तुमची पाळी केव्हा जाईल याचा अंदाज थोडाफार येतो. बीजांच्या दर्जाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

एएमएच चाचणी, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करायला सांगतील. तिचा आकडा कमी आला तर खचू नका आणि चांगला आला तर निर्धास्त होऊ नका. उपचारात इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं मिळतील याचा अंदाज त्यावरून येतो. या महिन्यात आपसूक दिवस राहतील का, हे त्यावरून ठरत नाही. आयव्हीएफनेही, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारानेही, बीजाचं वय मागे जात नाही. दात्या स्त्रीचं बीज घेतलं तर यश त्या स्त्रीच्या वयाप्रमाणे मिळतं, कारण गर्भाशय बीजाइतकं लवकर थकत नाही. ही वाट सगळ्यांना पटेल असं नाही, पण ती आहे हे माहीत असावं.

इथे मूल नको असलेल्याही वाचत असतील, त्यांच्यासाठी: शक्यता कमी म्हणजे शून्य नव्हे. ४८व्या वर्षी माझी पाळी आठ महिने आली नाही, मी ‘सुटले’ म्हणून सगळ्यांना सांगितलं आणि नवव्या महिन्यात ती परत आली. सलग बारा महिने पाळी नाही, तरच रजोनिवृत्ती. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायला सांगतात. बारा महिन्यांनंतर थोडंसं जरी रक्त दिसलं तरी डॉक्टरांकडे जायचंच. आणि चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ‘बरं झालं’ म्हणून सोडून देऊ नका, हाडं आणि हृदय या दोन्हींसाठी उपचार लागू शकतात.

तुमच्याबद्दल सांगायचं तर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून मग दाखवावं असं सांगतात. चाळिशीनंतर तेवढंही थांबायचं नसतं. याच महिन्यात वेळ घ्या. गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहून न्या आणि नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच आठवड्यात उरकून घ्या. आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी झाली, आणि त्यात आठ महिने गेले.